जप करताना मनात नको ते विचार येतात, असा जप वाया जातो का?

तुम्ही लिहिलंय की माळ हातात घेतली की ऑफिसचे, पैशाचे, कधीकधी तर देवाबद्दलच घाण विचार येतात, मग तो जप वाया जातो का आणि पाप लागतं का. वाया जात नाही आणि पापही लागत नाही. याच प्रश्नावरून आमच्या घरात बरंच काही झालंय म्हणून लिहितेय.

सासूबाईंना पॅरालिसिसचा झटका आला, उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. रात्रीचं सगळं माझ्याकडे. दोन वाजता डायपर बदलला की झोप उडायची, मग त्यांचीच तुळशीची माळ घेऊन बसायचे. श्रीराम जय राम जय जय राम, १३ अक्षरं, पण चार-पाच मणी झाले की थोरले दीर डोक्यात यायचे. फिजिओथेरपीचे पैसे कोण देणार, एक रात्र तरी थांबले का, नुसती फोनवर चौकशी. तोंडात राम आणि मनात त्यांच्याशी कडाकडा भांडण, मेरुमणी बोटाला लागला की कळायचं १०८ झाले.

एकदा याच भाऊजींसमोर बोलून गेले की जपात मन लागत नाही (कोणाचे विचार येतात ते नाही सांगितलं). ते नुकतेच इगतपुरीला १० दिवसांचं विपश्यनेचं ध्यानशिबिर करून आले होते. म्हणाले, "अगं मन नसेल तर माळ ओढणं म्हणजे नुसती सवय, त्यापेक्षा झोप काढ." इतकं लागलं मला ते की महिनाभर माळेला हात लावला नाही.

मग एका दुपारी सासूबाईंचा डावा हात चादरीवर हलताना दिसला. अंगठा मधल्या बोटाच्या पेरावरून सरकत होता, थांबायचा, परत सरकायचा. मी माळ त्या हातात दिली. तोंडातून नुसतं "आम, आम" यायचं. मला हाक मारायला नाव सापडायचं नाही त्यांना, पण तर्जनी मण्याला लागू द्यायची नाही हे त्या हाताला बरोबर माहीत होतं. ही सवयच होती ना? मग सवयीला नावं कशाला ठेवायची?

आणि विपश्यनेत तरी पहिले ३ दिवस काय करतात, श्वासाकडे लक्ष द्यायचं, मन पळालं की न चिडता परत आणायचं. गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुन म्हणतो मन वाऱ्यासारखं आहे, आवरत नाही, तर कृष्ण त्याला ढोंगी म्हणत नाही, अभ्यास, म्हणजे परत परत सराव, आणि वैराग्य सांगतो.

तुम्ही एवढंच करा, विचार जास्त असतील त्या दिवशी जप मोठ्याने करा, आपलाच आवाज कानावर पडला की मन लवकर परत येतं. मणी चुकला तर माळ पहिल्यापासून सुरू करू नका, तिथूनच पुढे जा. कामाचं काही आठवलं तर शेजारी वही ठेवा, लिहा आणि परत बसा. देवाबद्दलचा घाण विचार आला तर त्याच्याशी भांडत बसू नका, जेवढं ढकलाल तेवढा तो जास्त येतो.

हां, एक राहिलं. तोच विचार दिवसभर छळत असेल, सारखी आंघोळ करावीशी वाटत असेल, माळ दहादहा वेळा परत करावी लागत असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा, ते ओसीडी (तोच विचार, तीच कृती परत परत करायला लावणारा मनाचा आजार) असू शकतं आणि औषधाने, थेरपीने बराच फरक पडतो. त्यात देवाचा कोप वगैरे काही नाही.

सासूबाई गेल्या. शेवटच्या आठवड्यात भाऊजी येऊन बसले होते उशाशी, आईचा अंगठा चालताना त्यांनीही पाहिला, बोलले काहीच नाहीत. माळ माझ्याकडे आहे, रात्री एक तरी होतेच. भाऊजी अजूनही डोक्यात येतात मधेच, पण आता कमी.