नवरा अरुणाचलात, दीर दुबईत. गावाकडचं मत घरी न येता देता येईल का?

ताई, तुमचा प्रश्न मला असा समजला: मिस्टर फौजेत, पोस्टिंग अरुणाचलात. धाकटे दीर दुबईत नोकरीला. दोघांची नावं सातारा तालुक्यातल्या गावच्या मतदार यादीत आहेत. न येता मत देता येईल का, आणि मिस्टरांचं मत तुम्हाला टाकता येईल का?

मिस्टरांचं जमतं, आणि ते तुम्हीच टाकू शकता. दिरांचं जमत नाही, त्यांना तिकीट काढून यावंच लागेल. मी पायदळात क्लार्क होतो, नोंदणीचे फॉर्म माझ्याच टेबलावरून जायचे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

'गावच्या यादीत नाव आहे' असं तुम्ही निर्धास्तपणे लिहिलंय, पण घोडं तिथंच अडलंय. गावच्या साध्या यादीत नाव म्हणजे बूथवर स्वतः हजर राहून मतदान, मग माणूस तवांगला असो नाहीतर साताऱ्यात. फौजी माणसाचं नाव यादीच्या शेवटच्या भागात लागतं. सेवा मतदारांची ती वेगळी यादी असते. त्यासाठी नमुना २ भरावा लागतो, आणि तो तुम्ही तहसीलला नेऊन द्यायचा नसतो. मिस्टरांनी युनिटमध्ये भरायचा, तिथून रेकॉर्ड ऑफिस, तिथून आपल्याकडचे मतदार नोंदणी अधिकारी. बीएलओला (गावात मतदार यादीचं काम बघणाऱ्या कर्मचाऱ्याला) कितीही फोन केले तरी हे काम त्यांच्या हातात नाही.

त्याच फॉर्मवर 'माझं नाव दुसऱ्या कुठल्या साध्या यादीत नाही' असं लिहून द्यावं लागतं. म्हणून गावच्या यादीतलं नाव नमुना ७ भरून कमी करून घ्या. इथं घरचेच आडवे येतात. "मतदार कार्ड आहे की, नाव कशाला काढायचं?" सेवा मतदाराला ते कार्ड मिळत नाही आणि लागतही नाही. दोन्हीकडे नाव ठेवून खोटं लिहून दिलं तर १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद आहे. सहसा कुणी मागे लागत नाही, पण फौजी माणसानं असलं झेंगट लावून घेऊच नये.

नाव शेवटच्या भागात लागलं की दोन वाटा: टपाली मतपत्रिका किंवा प्रॉक्सी, म्हणजे त्यांच्या वतीनं दुसऱ्या माणसानं बूथवर मत टाकणं. यातली एकच निवडायची.

टपाली मतपत्रिका आता युनिटला ऑनलाइन येते. २०१६ ला नियम बदलला तेव्हापासून. पूर्वी छापील मतपत्रिका साताऱ्याहून पोस्टानं निघायची आणि युनिट तोवर दुसरीकडे हललेलं असायचं. आता ओटीपी आणि पिन टाकून तिथंच छापतात. परतीचा प्रवास मात्र अजून पोस्टानंच, आणि मतमोजणी सुरू व्हायच्या आत लिफाफा निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या हातात पडला पाहिजे. २०२४ च्या लोकसभेला आपल्याकडं अर्ज माघारीची मुदत २२ एप्रिलला संपली आणि मोजणी ४ जूनला झाली. भरपूर वेळ. त्याच वर्षी विधानसभेला माघार ४ नोव्हेंबरला, मतदान २० ला आणि मोजणी २३ ला सकाळी ८ वाजता. उमेदवारांची यादी पक्की झाल्याशिवाय मतपत्रिका निघत नाही. म्हणजे जेमतेम अडीच आठवड्यांत छापायची, मताची खूण करायची, फौजी टपालातून सातारा गाठायचं. चौकीवरून खाली उतरायलाच जिथं हवामानाची वाट बघावी लागते, तिथल्या जवानाचं काय होत असेल ते तुम्हीच समजा.

शिवाय लिफाफ्याची भानगड. लहान लिफाफ्यात फक्त मतपत्रिका घालून तो बंद करायचा. सही-साक्षांकन केलेलं घोषणापत्र लहान लिफाफ्याच्या बाहेर, पण मोठ्या लिफाफ्याच्या आत सुटं ठेवायचं. पोरं व्यवस्थितपणाच्या नादात दोन्ही कागद घडी घालून लहान लिफाफ्यात कोंबतात. मोजणीच्या टेबलावर मोठा लिफाफा उघडल्यावर घोषणापत्र दिसलं नाही की लहान लिफाफा न उघडताच बाद. मोजणीला कागदावरचे क्यूआर कोड स्कॅन करतात, तेव्हा त्यावर डिंकही फासू नये.

म्हणून तुमच्या बाबतीत मी सरळ प्रॉक्सी सांगेन. सैन्यातल्या माणसाला ही सोय २००३ पासून आहे. प्रॉक्सी त्याच मतदारसंघात राहणारा हवा. तुम्ही गावीच राहता, तेव्हा अडचण नाही. नमुना १३ एफ वर मिस्टर कमांडिंग ऑफिसरसमोर सही करतील आणि कागद तुमच्याकडे पाठवतील. तुम्ही नोटरी किंवा प्रथम वर्ग दंडाधिकाऱ्यांसमोर सही करून निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे द्यायचा. उमेदवारी अर्ज भरायच्या शेवटच्या तारखेआधी तो पोचला पाहिजे. मिस्टर सुट्टीवर आले असतील तर दोघांनी मिळून साताऱ्यातच नोटरीकडे जाऊन काम उरकता येतं. एकदा नेमलं की मिस्टर रद्द करेपर्यंत किंवा नोकरीत असेपर्यंत चालतं. मतदानादिवशी तुमचं मत वेगळं आणि त्यांचं वेगळं. त्यांच्या मताची शाई डाव्या हाताच्या मधल्या बोटाला लागते, तेव्हा दोन बोटं काळी बघून कुणी हटकलं तर घाबरू नका.

मत कुणाला द्यायचं हे मात्र फोनवर त्यांना विचारून घ्या. कायदा तपासायला येत नाही, पण मत त्यांचं आहे.

पुढं कधी तुम्ही क्वार्टरला राहायला गेलात तर पत्नी म्हणून तुमचंही नाव शेवटच्या भागात लागू शकतं. पूर्वी ही सोय फक्त जवानाच्या बायकोला होती. महिला अधिकाऱ्याच्या नवऱ्याला नव्हती, ती २०२१ च्या दुरुस्तीनं मिळाली. मुलांना अजूनही नाही. तोवर तुमचं नाव गावच्या साध्या यादीतच राहू द्या.

एक गोष्ट मला पटत नाही, पण नियम आहे: शेवटच्या भागात नाव असलेला जवान मतदानादिवशी सुट्टीवर गावात असला तरी बूथवर जाऊन मत देऊ शकत नाही. प्रॉक्सीचा इथंही फायदा, निदान मत घरातून तरी पडतं.

आता दीर. परदेशातल्या भारतीयांना मतदार होण्याचा हक्क २०११ पासून मिळाला, अर्ज नमुना ६अ. पण मत बूथवर येऊन, मूळ पासपोर्ट दाखवूनच. प्रॉक्सीचं विधेयक २०१८ ला लोकसभेत मंजूर झालं होतं, पुढं लोकसभाच विसर्जित झाली आणि ते बारगळलं. व्हॉट्सॲपवर 'आता दुबईतून ऑनलाइन मतदान' असं फिरतं, त्यावर जाऊ नका. विटा-आटपाडीकडची गलाईवाली (सोनं-चांदी गाळणारी) माणसं देशातल्या देशात केरळ-तमिळनाडूत आहेत, त्यांनाही मतासाठी गावीच यावं लागतं. त्यांच्यासारख्यांसाठी निवडणूक आयोगानं आहे तिथूनच गावचं मत देता येईल असं रिमोट मशीन तयार केलं होतं, जानेवारी २०२३ मध्ये पक्षांना दाखवायला बोलावलं, पक्षांनीच नाकं मुरडली.

दिरांनी नमुना ६अ भरायच्या आधी पासपोर्टवरचा भारतातला पत्ता बघावा. नाव त्या पत्त्यावरच लागतं. पासपोर्ट काढताना पुण्याच्या खोलीचा पत्ता दिला असेल, तर सुट्टी घेऊन, विमानानं येऊनही मत पुण्यातच द्यावं लागेल.