प्रिस्क्रिप्शन लिहायला शिकवतील. ऐकायला कोण शिकवणार?

पत्र: मॅडम, मी मूळची सांगलीची. बीएस्सी नर्सिंगला रत्नागिरीच्या मनोरुग्णालयात पोस्टिंग झालं होतं. पास झाल्यावर तीन वर्षं मुंबईत काम केलं, मग एनक्लेक्स ही तिथली नर्सिंगची परवाना परीक्षा दिली आणि अमेरिकेत आले. गेली चार वर्षं ह्यूस्टनला आहे, त्यातली दोन सायकियाट्री वॉर्डात, नाइट ड्यूटीवर. ग्रीन कार्ड आहे. आता सायकियाट्रिक मेंटल हेल्थ नर्स प्रॅक्टिशनर, म्हणजे पीएमएचएनपी (मनोविकारांचं निदान करून औषधं लिहू शकणारी नर्स), करायचं ठरवते आहे. इथल्या मैत्रिणी म्हणतात, नुसती औषधंच लिहावी लागतील, थेरपी कोणी करू देत नाही. रात्री तीनला पेशंट नर्सिंग स्टेशनपाशी येऊन उभा राहतो तेव्हा मला गोळी देण्यापलीकडे काहीतरी करायचं असतं, पण काय ते कळत नाही. एका ऑनलाइन कोर्सची फी परवडते, पण क्लिनिकलची, म्हणजे प्रत्यक्ष पेशंटसोबत शिकायची, जागा आपणच शोधायची असं ते म्हणतात. माझं इंग्रजी कामापुरतं आहे. शिवाय पुढेमागे सांगलीला परत जायचंही डोक्यात आहे. काय करू?

प्रिय सिस्टर,

कोर्स, फी, इंग्रजी, सांगली या सगळ्याबद्दल लिहीनच. पण तुझ्या पत्रातलं रात्री तीनचं वाक्य मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटलं. 'काय करायचं ते कळत नाही' असं वाटणाऱ्या नर्सनं थेरपी शिकावी असं माझं ठाम मत आहे. पण ती कुठं आणि कुणाच्या हाताखाली शिकते, यावर सगळं अवलंबून आहे.

आधी मैत्रिणींचं म्हणणं घेऊ. अर्धं खरं आहे. थेरपी करायला मनाई नाही, उलट ती या पदाच्या अभ्यासक्रमातच आहे. नर्सना विशेष शाखेचं प्रमाणपत्र देणाऱ्या एएनसीसी या संस्थेची बोर्ड परीक्षा द्यायची तर तुझ्या विद्यापीठाला लिहून द्यावं लागतं की हिनं किमान दोन सायकोथेरपी पद्धतींचं क्लिनिकल प्रशिक्षण घेतलं आहे. विम्याच्या बिलातही त्याची सोय आहे. औषधांच्या तपासणीला जोडून किमान १६ मिनिटं थेरपी केली तर ९०८३३ हा वेगळा कोड लावता येतो. त्याहून लांब बैठकींना वेगळे कोड आहेत, आणि औषधाचा विषय न काढता केलेल्या निव्वळ थेरपीलाही आहेत. टेक्ससमध्ये औषधं लिहायला डॉक्टरांशी लेखी करार लागतो. ॲरिझोना, ओरेगॉन, वॉशिंग्टनसारख्या राज्यांत तोही लागत नाही.

मग मैत्रिणी असं का म्हणतात? कारण त्यांनी पाहिलेल्या क्लिनिकात दर वीस मिनिटांनी पुढचा पेशंट आत येतो. झोप कशी आहे, भूक कशी आहे, जिवाचं बरंवाईट करावं असं वाटतं का, गोळ्या चालू ठेवा, महिन्यानं या. याच चाकोरीत क्लिनिकल तास भरलेली मुलगी पास होते तेव्हा तिच्या हातात परवाना असतो, पण ५० मिनिटं एका माणसासमोर बसायची वेळ आली की तिला घाम फुटतो. मग ती आपणहूनच वीस मिनिटांची नोकरी धरते.

हिशेब मांडून बघ. २०२२ च्या राष्ट्रीय मानकांप्रमाणे नर्स प्रॅक्टिशनरच्या शिक्षणात प्रत्यक्ष पेशंटसोबतचे किमान ७५० तास हवेत. तासाला तीन पेशंट धरले तर २२५० भेटी झाल्या. आकडा भरगच्च दिसतो. पण त्यात एकाही पेशंटला तू सलग बारा आठवडे, त्याच वारी, त्याच वेळी भेटलेली नसशील, असं सहज होऊ शकतं. दोन पद्धती शिकवा असं नियमात आहे, पण त्यातली प्रत्येक किती तास शिकवायची हे नाही. तुझ्याच टेक्ससमध्ये समुपदेशकाला, म्हणजे एलपीसीला, पूर्ण परवान्याआधी पर्यवेक्षणाखाली ३००० तास काम करावं लागतं आणि त्यातले १५०० समोरासमोर. हा फरक डोळ्यांआड करू नकोस. पीएमएचएनपीची पदवी थेरपीचं दार उघडते. आतली वाट बरीचशी तुलाच चालावी लागते.

आता सोबत कुणाची घ्यायची ते. तू लिहिलंयस की बीएस्सीला रत्नागिरीच्या मनोरुग्णालयात पोस्टिंग झालं होतं. म्हणजे प्रोसेस रेकॉर्डिंग लिहिली असशील. रेघा मारून केलेले रकाने: पेशंट काय म्हणाला, मी काय म्हणाले, त्यावरून अनुमान, कोणतं तंत्र वापरलं. बहुतेक मुली ती आदल्या रात्री हॉस्टेलवर एकमेकींचं बघून उतरवतात, आणि बऱ्याच ट्यूटर तारीख घालून सही करतात. मीही बारा वर्षं ट्यूटर होते, म्हणून सांगते, त्या वहीइतकी मोलाची वही नर्सिंगच्या चार वर्षांत दुसरी नसते.

माझी एक विद्यार्थिनी होती. तिची पेशंट पन्नाशीची बाई, दिवसभर पदराचं टोक घडी घालायची आणि उलगडायची. मुलीनं वहीत पहिल्या दिवशीचा संवाद प्रामाणिकपणे उतरवला होता. "जेवलात का?" "हो." "झोप लागली का?" "हो." "गोळ्या घेतल्या का?" मग बाईंनी विचारलं, "घरून कोणी आलं का?" मुलगी म्हणाली, "येतील हं." बाई गप्प झाल्या. संवाद संपला. तंत्राच्या रकान्यात मुलीनं लिहिलं होतं: धीर दिला. मी लाल पेननं एवढंच विचारलं, "ते येणार आहेत हे तुला ठाऊक आहे का?" दुसऱ्या दिवशी ती पुन्हा तिथंच बसली. बाईंनी पुन्हा तेच विचारलं. या वेळी मुलगी म्हणाली, "तुम्ही वाट बघताय." आणि थांबली. बाईंचे हात पदरावरच थांबले. मग त्या वीस मिनिटं बोलल्या. मुलाच्या लग्नाला आपल्याला नेलं नाही, हे त्यांनी पहिल्यांदाच कुणाला तरी सांगितलं.

सिस्टर, थेरपीचं शिक्षण म्हणजे हे. आपण बोललेलं वाक्य न वाक्य दुसऱ्या जाणत्या माणसानं बघायचं आणि 'इथं तू का घाईत होतीस?' असं विचारायचं. पुस्तकं वाचून, व्हिडिओ बघून पद्धतीची नावं कळतात. पण नर्सचा हात सवयीनं टिश्यू पुढं करतो, पाणी देतो, 'काही होणार नाही' म्हणतो. ती सवय वॉर्डात चांगलीच आहे. थेरपीच्या खोलीत मात्र ती कधीकधी पेशंटचं रडणं अर्ध्यावर थांबवते, आणि हे आपलं आपल्याला दिसत नाही.

ही वही आली कुठून हेही तुला माहीत असावं, कारण तू आता त्याच देशात आहेस. हिल्डेगार्ड पेपलाऊ ही अमेरिकन नर्स. नर्स आणि पेशंट यांच्यातलं नातं हाच उपचार असतो, असं सांगणारं तिचं पुस्तक १९४८ मध्ये लिहून तयार होतं. पण एका नर्सनं, डॉक्टर सहलेखक न घेता, असं काही लिहावं हे प्रकाशकांना पचेना, म्हणून ते निघायला १९५२ साल उजाडलं. पुढं न्यू जर्सीतल्या रटगर्स विद्यापीठात तिनं मनोविकार नर्सिंगचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला. त्यात विद्यार्थिनी पेशंटशी झालेलं बोलणं शब्दशः उतरवून आणायच्या आणि त्यावर चर्चा व्हायची. पुरेसं शिक्षण घेतलेली नर्स स्वतः सायकोथेरपी करू शकते, हे तिनं ठणकावून सांगितलं तेव्हा बऱ्याच डॉक्टरांना ते आवडलं नाही. तुझ्या मैत्रिणी आज 'करू देत नाहीत' म्हणतात ते काम नर्सिंगनं असं भांडून मिळवलेलं आहे. हातची जागा केवळ वेळापत्रकामुळे सुटते आहे, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

म्हणून त्या स्वस्त ऑनलाइन कोर्सबद्दल. ऑनलाइन असणं हा दोष नाही. नोकरी आणि घर सांभाळून शिकणाऱ्या नर्सला दुसरा मार्गही नसतो. सीसीएनई, एसीईएन किंवा सीएनईए या नर्सिंगचे अभ्यासक्रम तपासणाऱ्या संस्थांपैकी एकीची मान्यता आहे का ते आधी बघ, नसेल तर पुढं बोलायलाच नको. पण 'प्रिसेप्टर (क्लिनिकलमध्ये हाताखाली घेऊन शिकवणारी अनुभवी व्यक्ती) तुम्ही शोधा' हे वाक्य मला खटकतं. मी मार्गदर्शन केलेली एक मुलगी अशाच एका कोर्सला गेली. शेवटच्या सत्रात जागा मिळेना. अखेर पैसे मोजून एका क्लिनिकात उभी राहिली आणि चार महिने लॅपटॉपवर नोट्स टाइप करत बसली. आज ती बोर्ड सर्टिफाइड आहे. एकाही पेशंटची थेरपी तिनं सुरुवातीपासून शेवटपर्यंत केलेली नाही, आणि तिची खंतही तीच आहे.

प्रवेश विभागाला ईमेल करू नकोस, फोन कर आणि कोर्स कोऑर्डिनेटरलाच माग. विचार: थेरपीसाठी मला स्वतःचे किती पेशंट मिळतील आणि एकेकाला मी किती आठवडे भेटेन? त्या दोन पद्धती कोणत्या, आणि शिकवणारी व्यक्ती स्वतः त्या पद्धतीनं पेशंट बघते का? कॅमेऱ्यासमोर सराव घेता का? आणि सगळ्यांत महत्त्वाचं: माझी संभाषणं कोण वाचणार किंवा ऐकणार, आठवड्याला किती वेळ? या शेवटच्या प्रश्नावर समोरची व्यक्ती अडखळली तर फी कितीही कमी असो, दुसरं विद्यापीठ बघ. ह्यूस्टनमधलं सरकारी विद्यापीठ आधी बघ. स्थानिकांना फी कमी पडते आणि प्रिसेप्टरही ओळखीचे असतात.

पद्धतींबद्दल थोडक्यात. सुरुवातीला दोनच धर. माझी पसंती: फिलाडेल्फियाच्या ॲरन बेक यांची सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणूक बदलण्यावर भर देणारी थेरपी, कारण तिला आराखडा आहे आणि नवख्या माणसाला हाताशी काहीतरी लागतं, आणि मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग, म्हणजे बदलायची कारणं पेशंटच्याच तोंडून येऊ देणारी बोलण्याची पद्धत, कारण दारू सोडायची की नाही या दोलायमान अवस्थेतला पेशंट तुला रोज भेटतो. ठाण्याच्या आयपीएच या मानसिक आरोग्य संस्थेमुळे मराठी वाचकांना ओळखीची झालेली आरईबीटी ही सीबीटीचीच जवळची नातेवाईक, तेव्हा त्यावरचं मराठी साहित्य वाचून ठेवलंस तर विचार आपल्या भाषेत पक्के होतील. ईएमडीआर, डीबीटी यांसारख्या इतर पद्धती नंतर. पास झाल्यावर पहिली दोन वर्षं मात्र एखाद्या अनुभवी थेरपिस्टकडून दर आठवड्याला एक तास पर्यवेक्षण घे, खिशातून पैसे गेले तरी. नोकरीच्या मुलाखतीत पगाराआधी विचार की माझ्या अपॉइंटमेंट किती मिनिटांच्या असतील. ३० मिनिटांच्या भेटीत थेरपी बसते. १५ मिनिटांत बसत नाही.

आणि नर्स म्हणून तुझ्याकडं काय आहे ते विसरू नकोस. समजा पेशंट म्हणतो, "फार अस्वस्थ वाटतं, बसवत नाही." नुसतं बोलणं ऐकणारा माणूस काळजीचं कारण शोधत जाईल. तू आधी त्याचे पाय बघशील. सतत हलतायत, मागच्याच आठवड्यात हॅलोपेरिडॉल हे मनोविकारावरचं औषध सुरू झालंय. ही अकॅथिसिया असेल, औषधानं आलेली तळमळ, आणि ती बोलून जाणार नाही. शरीर, औषध आणि मन या तिन्हींकडे एकाच खुर्चीतून बघणारी माणसं कमी आहेत.

इंग्रजीचं. खोटा धीर देत नाही. थेरपीचं इंग्रजी वॉर्डाच्या इंग्रजीहून अवघड आहे, आणि टेक्ससमधला म्हातारा शेतकरी गोष्ट आडवळणानं सांगतो. पण न कळलेल्या शब्दावर "म्हणजे तुमच्यासाठी काय?" असं विचारणं हे थेरपीतलं उत्तम तंत्र आहे. ज्याला सगळं समजल्यासारखं वाटतं तो हे विचारायचं विसरतो. तू विचारशील. शिवाय मुलांकडे सहा महिन्यांसाठी आलेली आपली माणसं 'जीव रमत नाही', 'छातीत कालवल्यासारखं होतं' म्हणतात. ते दुभाष्यामार्फत पोचत नाही, तुला सरळ पोचेल. फक्त हे लक्षात ठेव की पेशंट ज्या राज्यात बसलेला असतो तिथला परवाना लागतो. ह्यूस्टनमधून व्हिडिओवर सांगलीचे पेशंट बघायचा बेत करू नकोस.

सांगलीला परत जायचं म्हणशील, तर भारतात या पदवीला जुळणारा परवाना नाही. तिथं तुला औषधं लिहिता येणार नाहीत. मनोविकार नर्सिंग शिकवणं, एखाद्या मानसोपचारतज्ज्ञांसोबत टीममध्ये काम करणं हे होऊ शकेल, आणि तिथं तुझी पर्यवेक्षणाखाली शिकलेली थेरपीच कामी येईल. म्हणजे त्या वाटेनं गेलं तरी हेच शिक्षण महत्त्वाचं ठरतं.

अर्ज भरण्याआधी एक कर. या आठवड्यात रात्री कुणी स्टेशनपाशी येऊन उभा राहिला तर पाच मिनिटं त्याच्याशी बोल, आणि घरी गेल्यावर झोपायच्या आधी आठवेल तेवढं वहीत उतरव. नाव नको, ओळख पटेल असं काही नको. तेच जुने रकाने आख. ती वही तुझ्या वॉर्डातल्या सोशल वर्करला किंवा सायकॉलॉजिस्टला दाखव आणि अर्धा तास माग. कोण आनंदानं वाचायला बसतं ते बघ. तुझा पहिला प्रिसेप्टर कदाचित तिथंच सापडेल.