वाचकांचे प्रश्न : सूचिपर्णी झाडाची वाढ कशी आवरावी?

प्रश्न : नाताळच्या सुमारास कुंडीत आणलेले ‘ख्रिसमस ट्री’ आम्ही १६ वर्षांपूर्वी पुण्यातील आमच्या बंगल्याच्या आवारात लावले. आता ते दुसऱ्या मजल्यावरील गच्चीच्याही वर गेले आहे. भिंतीपासून ते जेमतेम ८ फुटांवर असून दक्षिणेला, म्हणजे शेजाऱ्यांच्या अंगणाकडे, कललेले दिसते. शेजारी घाबरले आहेत. माळी म्हणतो की निम्मे कापू, खालून पुन्हा फुटेल. काय करावे?

उत्तर : माळ्याचा हा सल्ला वड, कडुनिंब, चिंच अशा झाडांच्या अनुभवावरून आलेला आहे. ती झाडे जुन्या लाकडातूनही जोमाने फुटतात, त्यामुळे छाटणीत झालेली चूक दोन-चार पावसाळ्यांत झाकली जाते. तुमच्या झाडासारख्या सूचिपर्णी झाडांच्या बाबतीत ही सोय फार थोडी असते. पुन्हा फुटू शकणारा डोळा (सुप्त अंकुर) झाडाच्या कोणत्या भागात शिल्लक आहे, हे जातीगणिक बदलते आणि करवत लावण्यापूर्वी तेवढे तरी माहीत असायलाच हवे.

तुमचे झाड अरोकेरिया आहे. आपल्याकडे ते नॉरफोक पाइन म्हणून विकले जाते, पण त्यांतील बरीच रोपे प्रत्यक्षात न्यू कॅलेडोनियातील कुक पाइनची असतात. दोन्ही जाती आपापल्या मूळ बेटांवर ५० ते ६० मीटरपर्यंत वाढतात. कॅप्टन जेम्स कुक यांनी १७७४ मध्ये पॅसिफिक महासागरातील त्या बेटांवर हे सरळसोट वृक्ष पाहिले, तेव्हा त्यांच्या मनात जहाजांच्या डोलकाठ्यांचा विचार आला होता. तुम्ही हौसेने आणलेले कुंडीतले रोप अशा झाडाचे होते आणि हे ते विकणाऱ्याने सांगायला हवे होते, असे मला मनापासून वाटते.

आधी कलण्याविषयी लिहितो, कारण शेजाऱ्यांची भीती तिथून आली आहे. जगातील पाच खंडांमधील कुक पाइन मोजून केलेला एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ही झाडे विषुववृत्ताच्या दिशेने, म्हणजे उत्तर गोलार्धात दक्षिणेकडे आणि दक्षिण गोलार्धात उत्तरेकडे, सरासरी साडेआठ अंशांनी कललेली आढळली. त्यामुळे पुण्यातील कुक पाइन दक्षिणेकडे झुकला असेल, तर केवळ तेवढ्यावरून तो पडायला आला आहे असे म्हणता येत नाही. मात्र तो कल जुना आहे की नवा, हे पाहिले पाहिजे. घरातील जुन्या छायाचित्रांशी झाड ताडून पाहा. नंतर बुंध्याभोवती फिरून उत्तरेकडच्या, म्हणजे कलाच्या विरुद्ध बाजूच्या, मातीत भेग पडली आहे का, तिथली जमीन फुगली आहे का, बुंध्यावर अळंबी उगवली आहे का, हे बसून नीट पाहा. यांपैकी काही दिसले, तर जाणकाराला बोलावण्यात एक दिवसही घालवू नका.

आता निम्मे कापण्याविषयी. अरोकेरियाचा शेंडा तोडला तर खोडावरील सुप्त डोळे जागे होतात आणि कापाच्या खालून दोन, तीन, कधी चार नवे शेंडे सरळ वर चढतात. तेवढ्यापुरते माळ्याचे म्हणणे खरे आहे. पण हे नवे शेंडे खोडाच्या गाभ्यातून वाढलेले नसतात, बाहेरच्या थरावर चिकटल्यासारखे असतात आणि खालचा रुंद काप उघडा राहून त्यात पाणी मुरते. एका गृहसंकुलात असे छाटलेले झाड मी पाहिले आहे. त्याला तीन शेंडे फुटले होते आणि काही वर्षांत तिन्ही मनगटाहून जाड झाले होते. वळवाच्या वाऱ्यात त्यांतला एक निखळला. त्याचा सांधा हातात घेऊन पाहिला, तर आत काळे, भुसभुशीत लाकूड होते आणि एवढा भार कडेच्या बोटभर जिवंत पट्टीने पेलला होता. उंची कमी करण्यासाठी केलेल्या त्या कापानेच झाड धोक्याचे झाले होते.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे : हे झाड एकतर पूर्ण उंचीने वाढू द्यावे किंवा परवानगी घेऊन मुळापासून काढावे, अर्धे कापू नये. बुंधा निरोगी असेल, कल जुना असेल आणि वर वीजवाहिनी नसेल, तर मी ते ठेवीन. कुक पाइन वयाबरोबर आपल्या लांब फांद्या टाकून आखूड फांद्या धरतो आणि खांबासारखा अरुंद राहतो, त्यामुळे ८ फुटांचे अंतर कमी असले तरी अगदी अशक्य नाही. गच्चीला घासणाऱ्या खालच्या फांद्या काढता येतील. फांदी जिथे खोडाला मिळते तिथल्या फुगीर कड्याच्या बाहेरून स्वच्छ काप घ्यावा, खुंट ठेवू नये आणि खोड सोलले जाईल इतके आतही जाऊ नये. जलवाहिनी किंवा फरशीच्या कामासाठी एका बाजूची मुळे तोडू देऊ नका, कारण झाडाला त्याचा उभा आधार तिथूनच मिळतो. दर वर्षी मे महिन्यात, पावसाळ्याआधी, तपासणी करून घ्या.

काढायचेच ठरले, तर महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागू होतो. महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे आधी अर्ज करावा लागतो, झाड स्वतःच्या आवारात असले तरीही. या कायद्यात झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणे हेसुद्धा झाड तोडण्यातच धरले आहे, म्हणून मोठ्या छाटणीआधीही वृक्ष अधिकाऱ्यांना विचारून घ्यावे.

प्रश्न : रत्नागिरीला आमच्या ओसरीवर कुंडीतील अरोकेरिया ५ फुटांचा झाला आहे. तो एवढाच राहावा म्हणून शेंडा खुडू का? की हापूसला घालतो ते कल्टार थोडे घालू?

उत्तर : दोन्ही करू नका. शेंडा गेला की मजल्यामजल्यांची ती रेखीव ठेवण कायमची बिघडते. खुडलेली बाजूची फांदी रुजवून दुसरे रोप करावे म्हटले, तर तेही उभे न राहता आयुष्यभर आडवेच वाढते, कारण या झाडात फांदी स्वतःचे फांदीपण विसरत नाही. कल्टार म्हणजे पॅक्लोब्युट्राझॉल. ते झाडातील जिबरेलिन हे वाढीचे संप्रेरक तयार होण्याची क्रिया मंदावते, आहे ती उंची घटवत नाही आणि मातीत दीर्घकाळ टिकते. कुंडीच्या मूठभर मातीत त्याचे प्रमाण साधणे अवघड आहे. त्यापेक्षा कुंडी मोठी करण्याची घाई करू नका, नत्रयुक्त खत अगदी बेताने द्या आणि दर दोन-तीन वर्षांनी माती बदलताना गोल फिरलेली बारीक मुळे थोडी कापा. प्रकाश भरपूर हवा आणि कुंडी दर आठवड्याला पाव फेरा फिरवावी. सावलीत किंवा पाणी चुकल्यास खालच्या फांद्या झडतात आणि कुंडीतल्या झाडाला त्या जागी सहसा पुन्हा येत नाहीत.

प्रश्न : नाशिकला कुंपणालगत मोरपंखी ओळीने लावली होती. ती ७ फूट झाल्यावर मे महिन्यात ४ फुटांवर सरळ कापली. दोन महिने झाले, पाऊसही चांगला झाला, पण वरून नुसत्या तपकिरी काड्या दिसतात. पालवी कधी फुटेल?

उत्तर : त्या काड्यांवर पालवी फुटणार नाही, हे सांगताना वाईट वाटते. मोरपंखीची एखादी फांदी हाताने बाजूला सारून आत पाहिलेत, तर हिरवा भाग बाहेरच्या काही इंचांतच आहे आणि आत सगळे कोरडे, तपकिरी आहे, हे लगेच ध्यानात येईल. त्या तपकिरी लाकडात जागे होण्यासारखे डोळे जवळजवळ नसतात. छाटणी नेहमी हिरव्या भागातच थांबवावी लागते आणि तुमचा काप त्याच्या फार खाली गेला आहे. ज्या झाडांच्या कडांना हिरवळ शिल्लक आहे ती राहू द्या. कडेची वाढ काही वर्षांत वरचा उघडा भाग थोडाफार झाकेल. बाकीची बदलावी लागतील.

नवी लावलीत, तर हवी ती उंची येण्याच्या फूटभर आधीच शेंडे खुडायला सुरुवात करा आणि पुढे फक्त त्या हंगामाची कोवळी वाढ उतरवा, एकदा पाऊस स्थिरावल्यावर आणि एकदा थंडी ओसरताना. एप्रिल-मे टाळा, कारण सावलीत वाढलेला आतला पाला एकाएकी उन्हात आला की करपतो. ओळीचा पाया रुंद आणि माथा अरुंद ठेवा, नाहीतर खालचा भाग उजेडाअभावी विरळ होतो. उन्हाळ्यात पाला तांबूस दिसू लागला, तर पांढऱ्या कागदावर फांदी झटकून पाहा. कागदावर सुईच्या टोकाएवढे ठिपके चालताना दिसले तर तो लाल कोळी, म्हणजे पाल्यावरची बारीक कीड, असतो. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने पाला आतून-बाहेरून धुवावा. आणि कुंपण चार फुटांवरच राखायचे असेल, तर मोरपंखीचा हट्ट न धरता कामिनी किंवा मेंदी लावा. ती खोलवर छाटली तरी फुटते.