दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या जपानी वंशाच्या विद्यार्थ्यांना कॉलेजला प्रवेशबंदी होती का?

जपानने पर्ल हार्बरच्या अमेरिकन नौदल तळावर हल्ला केल्यानंतर सरसकट बंदीच होती की काही नियम होते, असं तुम्ही विचारलंय. बंदीचा असा कायदा नव्हता. दाखले मागत होते, बस. आपल्याकडे ज्याने एका दाखल्यासाठी चार ऑफिसं पालथी घातली आहेत, त्याला पुढचं लगेच कळेल.

मी इतिहासाचा माणूस नाही, लॅबचा आहे. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या तपासण्या करण्यात माझी सगळी नोकरी सरली आणि त्यातूनच या विषयाकडे वळलो. ते कसं, ते पुढे येईलच.

फेब्रुवारी १९४२ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी आदेश काढला आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या सुमारे १ लाख २० हजार जपानी वंशाच्या लोकांना घरदार सोडून छावण्यांत जावं लागलं. त्यातले दोन तृतीयांश जन्माने अमेरिकन नागरिक. कॉलेजात शिकणारी मुलं अडीच हजारांच्या आसपास होती. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथली कित्येक मुलं सत्र अर्धवट टाकून टॅनफोरानच्या रेसकोर्सवर, घोड्यांच्या तबेल्यात राहायला गेली.

छावणीतून शिकायला बाहेर पडायचं तर आधी किनाऱ्यापासून लांबच्या एखाद्या कॉलेजचं प्रवेशपत्र हवं. त्या कॉलेजला लष्कर आणि नौदलाची मंजुरी हवी, म्हणजे जिथे लष्करी संशोधन चालू आहे अशी मोठमोठी विद्यापीठं सुरुवातीलाच बाद. मुलाची स्वतःची एफबीआय या केंद्रीय तपास संस्थेकडून चौकशी व्हायची. गावात याच्या येण्याला हरकत नाही, असं तिथल्या अधिकाऱ्याचं पत्र लागायचं. आणि वर्षभराच्या खर्चाची सोय दाखवायची. ही शेवटची अट मला सगळ्यात क्रूर वाटते. छावणीत कामाचा पगार महिना १२ ते १९ डॉलर, डॉक्टरलासुद्धा १९च. बापाचं दुकान मातीमोल भावात गेलेलं. पैसे दाखवायचे कुठून?

गावाच्या संमतीचं तर विचारू नका. आयडाहोतल्या मॉस्को गावी सहा विद्यार्थी प्रवेश घेऊन पोचले, तर गाव बिथरलं. दोन मुलींना एक रात्र तुरुंगात काढावी लागली, गुन्ह्यासाठी नव्हे, त्यांच्याच सुरक्षिततेसाठी! उलट नेब्रास्का विद्यापीठाने शंभरावर मुलं घेतली. एकाच देशात, त्याच काळात.

काही ठिकाणी जुन्या कॉलेजनेच पाय ओढला. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाने या मुलांच्या गुणपत्रिकाच अडवून ठेवल्या, म्हणजे दुसरीकडे प्रवेश मागायचीही सोय नाही. त्याबद्दल विद्यापीठाने माफी मागितली ती २०२२ मध्ये. बर्कलीचे अध्यक्ष स्प्राउल मात्र या मुलांच्या बाजूने उभे राहिले. मे १९४२ मध्ये क्वेकर या शांततावादी ख्रिस्ती पंथाच्या मंडळींच्या पुढाकाराने एक परिषद स्थापन झाली. कॉलेजांशी पत्रव्यवहार, पैशांची जमवाजमव, गावकऱ्यांची समजूत काढणं, सगळं तिने अंगावर घेतलं. युद्ध संपेपर्यंत सुमारे ४,००० मुलं सहाशेवर कॉलेजांत पोचली.

त्यांतल्या अगदी पहिल्यांपैकी एक हार्वी इतानो. १९४२ साली बर्कलीतला सर्वोत्तम विद्यार्थी म्हणून विद्यापीठाचं पदक त्याला जाहीर झालं, तेव्हा गडी सॅक्रामेंटोला काटेरी तारेच्या आत होता. देशाने त्याला दुसरीकडे बोलावलं आहे, असं स्प्राउलनी समारंभात सांगितलं. हे वाक्य मी अनेकदा वाचलंय. टोमणा होता की सारवासारव, अजून ठरवता आलेलं नाही. ४ जुलैला, म्हणजे नेमका अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, तो ट्यूली लेक छावणीतून सुटून सेंट लुईसला डॉक्टरकी शिकायला निघाला.

१९४९ मध्ये रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंगबरोबर काम करताना याच इतानोने दाखवून दिलं की सिकलसेलच्या रुग्णाचं हिमोग्लोबिन विजेच्या प्रवाहात निरोगी माणसाच्या हिमोग्लोबिनपेक्षा वेगळं सरकतं. नंदुरबार-गडचिरोलीकडची सॅम्पलं सोल्युबिलिटी टेस्ट या प्राथमिक चाचणीत पॉझिटिव्ह आली की आम्ही इलेक्ट्रोफोरेसिसला, म्हणजे विजेच्या प्रवाहात हिमोग्लोबिन वेगळं करणाऱ्या याच चाचणीला, लावायचो. ए म्हणजे निरोगी हिमोग्लोबिनचा पट्टा पुढे धावायचा, एस म्हणजे सिकलसेलचा मागे रेंगाळायचा. वाहक असला तर दोन्ही पट्टे. पट्ट्यांमधलं ते बोटभरही नसलेलं अंतर पाहत मी वर्षानुवर्षं रिपोर्ट लिहिले आणि इतानो कोण हे निवृत्तीनंतर कळलं.

ज्यांचं शिक्षण अर्धवटच राहिलं, त्यांना वॉशिंग्टन विद्यापीठाने २००८ मध्ये आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाने २००९ मध्ये मानद पदव्या द्यायचं ठरवलं. तोवर मुलं ऐंशी-नव्वदीला टेकली होती. कितीतरी जणांची पदवी घ्यायला लेक नाहीतर नातू व्यासपीठावर गेला.