काउंट वाढले, मग ताप का परतला?

प्रश्न: माझ्या धाकट्या बहिणीला ब्लड कॅन्सर आहे. केमोनंतर रक्तातल्या पेशींचे काउंट अगदी खाली गेले, ताप आला आणि ब्लड कल्चरमध्ये (रक्तातले जंतू वाढवून पाहायची तपासणी) कॅन्डिडा ही बुरशी सापडली. औषध सुरू झालं, नंतरची कल्चर निगेटिव्ह आली. पांढऱ्या पेशीही वाढायला लागल्या. आम्ही हुश्श करतोय तोवर पुन्हा रोज ताप, उजव्या बरगडीखाली दुखणं आणि सीटी स्कॅनमध्ये यकृत-प्लीहेवर बारीक डाग. आता डॉक्टर स्टिरॉइड द्यायचं म्हणतात. संसर्ग असताना प्रतिकारशक्ती दाबायची? आम्ही नको म्हणावं का?

उत्तर: नको म्हणायची घाई करू नका. मी सूक्ष्मजीवांच्या प्रयोगशाळेत काम करते, आणि हेच कोडं घेऊन वॉर्डातले शिकाऊ डॉक्टरही माझ्याकडे येतात: काउंट नव्हते तेव्हा स्कॅन स्वच्छ होता, काउंट आले आणि डाग उमटले. असं कसं?

कारण ते डाग म्हणजे नुसती बुरशी नव्हे. तुमच्या बहिणीच्याच पेशी तिथे गर्दी करून बसलेल्या असतात.

कॅन्डिडा पुष्कळ निरोगी माणसांच्या आतड्यात निमूट राहते. केमोने आतड्याचं अस्तर सोलवटलं आणि तिला आवरणाऱ्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी संपल्या, की ती रक्तात शिरते. आतड्यातलं रक्त आधी यकृतात जातं, म्हणून ठाणं बहुधा तिथेच पडतं. तिच्या पेशीभिंतीत बीटा-ग्लुकान नावाची शर्करा असते, जी माणसाचं शरीर बनवत नाही. आपल्या पेशींवरचा डेक्टिन-१ हा रिसेप्टर (ओळख पटवणारं प्रथिन) ती ओळखतो (हे २००१ मध्ये उलगडलं). ओळख पटली की टीएनएफ, आयएल-१, आयएल-६ ही रसायनं सुटतात. ताप चढतो, सीआरपी (रक्तातलं दाह दाखवणारं प्रथिन) वाढतं, न्यूट्रोफिलना बोलावणं जातं. पण काउंट नसताना बोलावणं जाऊन उपयोग काय? येणारं कुणी नसतं. रक्तपेशी बनवणारी अस्थिमज्जा सावरली की या पेशी सगळ्या एकदम येऊन थडकतात. बुरशी औषधाने मेली असली तरी तिच्या भिंतीचे तुकडे मागे राहतात, त्यांतही ग्लुकान असतं, आणि दाह धुमसत राहतो. म्हणूनच या टप्प्यावर रक्ताचं कल्चर बऱ्याचदा निगेटिव्ह येतं. त्याचा अर्थ यकृतात बुरशी उरलीच नाही, असा मात्र घेऊ नका.

(हेच बीटा-ग्लुकान ‘इम्युनिटी वाढवा’ म्हणून डब्यांतून विकलं जातं. कुणी प्रेमाने आणून दिलं, तरी तिच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका.)

स्टिरॉइडचं काम इथे एवढंच: बुरशीविरोधी औषध चालू ठेवून, हटून बसलेला ताप आणि दाह थोड्या काळासाठी उतरवायचा. अमेरिकन संसर्गतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांमध्येही, रुग्णाला बेजार करणाऱ्या तापासाठी १ ते २ आठवडे स्टिरॉइड किंवा साधं दाहशामक औषध देता येईल, असं म्हटलं आहे. नुसतं स्टिरॉइड दिलं तर मात्र बुरशीला रान मोकळं. तेव्हा डॉक्टरांना सरळ विचारा: ‘बुरशीचं औषध सोबत चालूच राहणार ना, आणि हा ताप दुसऱ्या जंतूचा नाही हे तपासलंय ना?’ केमोच्या पेशंटला ताप यायची कारणं काही कमी नसतात, त्यामुळे दुसरा प्रश्न विचारायला संकोचू नका. सेंट्रल लाइन (औषधांसाठी मोठ्या शिरेत घातलेली नळी) अजून तीच असेल, तर तिचं काय करायचं तेही विचारून घ्या.

बुरशीचं औषध बहुतेक काही महिने चालेल. स्कॅनमधले डाग विरेपर्यंत किंवा त्यांचे जुने व्रण तेवढे उरेपर्यंत. ताप गेला म्हणून ते मध्येच थांबवू नका. पुढची केमो या डागांमुळे रद्दच होते असं नाही. औषधाच्या आडोशाने ती सहसा देता येते, आणि तेव्हा काउंट पुन्हा उतरणार असल्याने गोळी चुकवायची नाही.