गावातल्या नेत्ररुग्णालयाचा इतिहास लिहायचा आहे, माहिती कुठून गोळा करू?

प्रश्न थोडक्यात असा: तालुक्याच्या गावातल्या नेत्ररुग्णालयाला ५० वर्षं होत आहेत. स्मरणिकेसाठी संस्थापक, देणगीदार आणि शिबिरांची माहिती जमली आहे. ‘पूर्वी मोतीबिंदूची ऑपरेशनं कशीबशी उरकत, लेन्स आल्यावरच लोकांना खरी दृष्टी मिळाली’ अशी सुरुवात ठरली आहे. आणखी काय हवं?

उत्तर:

देणगीदार मिळाले, संस्थापक मिळाले, म्हणजे फोटोंच्या पानांची सोय झाली. इतिहास अजून हाती लागायचाय. तो ओटीच्या (ऑपरेशन थिएटरच्या) रजिस्टरांत असतो, आणि ती रजिस्टरं बहुधा निर्जंतुकीकरणाच्या मोडक्या ड्रमच्या आणि बंद पडलेल्या ऑटोक्लेव्हच्या मागे कुठल्यातरी कपाटात असतात. रुग्णांचे कागद तीन वर्षं जपण्याचं बंधन आहे. त्यापुढे कुणी विचारत नाही, म्हणून साफसफाई निघाली की रद्दीत पहिला नंबर यांचाच. आजच ताब्यात घ्या.

आणि ती सुरुवात बदला. ती ज्यांनी सुचवली त्यांनी जुनं रजिस्टर उघडूनही पाहिलेलं नाही.

सत्तरच्या दशकातलं पान घ्या. ऑपरेशनपूर्वीच्या दृष्टीच्या रकान्यात पानामागून पान ‘पीएल’ आणि ‘एचएम’ दिसेल. पीएल म्हणजे फक्त उजेड कळतो, एचएम म्हणजे डोळ्यापुढे हात हलवलेला कळतो. ‘एफसी’ म्हणजे बोटं मोजता येतात, तेही क्वचित. आजचा वाचक म्हणेल, इतका उशीर? ‘पिकू द्या मग या’ असं सांगून परत पाठवत, हे खरं. पण त्यामागे हिशेब होता.

तेव्हाचं ऑपरेशन रजिस्टरात ‘आयसीसीई’ म्हणून येतं. नैसर्गिक भिंग त्याच्या पिशवीसकट अखंड बाहेर काढायचं, जागेवर काही बसवायचं नाही. मग साधारण अधिक १० नंबरचा चष्मा. या चष्म्यातून सगळं २५ ते ३० टक्के मोठं दिसतं. एकाच डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि दुसरा बरा असला, तर दोन डोळ्यांची चित्रं वेगवेगळ्या आकाराची येतात आणि मेंदूला ती जुळवता येत नाहीत. एकाची दोन माणसं दिसतात. म्हणजे दुसऱ्या डोळ्याने धडपणे चालणाऱ्या माणसाचं ऑपरेशन करणं म्हणजे त्याला चष्म्यासकट अडचणीत टाकणं. दोन्ही डोळे निकामी होत आले की मगच हा सौदा फायद्याचा. डॉक्टर थांबत ते यासाठी. शिवाय पिकलेल्या मोतीबिंदूत भिंगाला धरून ठेवणारे तंतू सैल झालेले असतात, भिंग सहज सुटतं. वय कमी असेल तर तंतू चिवट. तिथे अल्फा-कायमोट्रिप्सिन नावाचं द्रव्य १:५००० किंवा १:१०००० इतकं पातळ करून आत सोडत, तंतू विरघळले की धुऊन टाकत. मोकळ्या जागेत ‘एसी’ किंवा ‘झोन्युलायसिस’ असा शेरा दिसला तर तो हाच.

प्रत्यक्ष ऑपरेशन असं: बुबुळाच्या (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याच्या) कडेने जवळजवळ अर्ध्या वर्तुळाचा छेद. मग आयरिसच्या (बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्याच्या) कडेला एक बारीक छिद्र, रजिस्टरात ‘पीआय’. हे करायचं राहिलं तर मागचं व्हिट्रियस, म्हणजे डोळ्यातली जेली, बाहुली बुजवतं, डोळ्यातलं पाणी अडतं आणि डोळ्याचा दाब चढतो. नंतर भिंगाचा पृष्ठभाग स्पंजने कोरडा करायचा आणि क्रायोचं, म्हणजे गोठवणाऱ्या दांडीचं, टोक टेकवायचं. उणे ३० ते ४० अंशांवर भिंग टोकाला गोठून चिकटतं, मग डावं-उजवं हलवत तंतू तोडत अलगद ओढून काढायचं. पृष्ठभाग ओला राहिला तर बर्फ बाजूला पसरतो आणि टोक आयरिसला किंवा बुबुळाला चिकटतं. तेव्हा ओढायचं नसतं. सलाइनचे थेंब टाकून वितळू द्यायचं आणि पुन्हा सुरुवात करायची. रुग्ण खोकला किंवा भूल अपुरी पडली तर व्हिट्रियस बाहेर येतं. रजिस्टरात ‘व्ही लॉस’ लिहिलेलं सापडेल. शेवटी रेशमाचे टाके, दोन्ही डोळ्यांना पट्टी, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. छेद इतका मोठा आणि टाके इतके थोडे की एका जोराच्या शिंकेने आयरिस बाहेर येई. मायक्रोस्कोप नाही, डोळ्याला भिंगाची पट्टी बांधून हे करायचं. याला उरकणं म्हणणाऱ्याने एकदा क्रायो हातात धरून पाहावा.

आता लेन्सकडे या. रजिस्टरात ‘ईसीसीई + पीसीआयओएल’ (मागची पिशवी ठेवून भिंग काढणं आणि तिथे कृत्रिम लेन्स बसवणं) पहिल्यांदा कधी दिसतं ती तारीख टिपा. तुमच्या लेखातली ती महत्त्वाची तारीख. कृत्रिम लेन्स हॅरॉल्ड रिडली यांनी लंडनमध्ये १९४९ मध्येच बसवली होती. पण तालुक्यापर्यंत यायला ती स्वस्त व्हावी लागली, ऑपरेशनचा मायक्रोस्कोप यावा लागला आणि भिंगाची मागची पिशवी शाबूत ठेवण्याचं तंत्र हातात बसावं लागलं. मदुराईत ऑरोलॅब १९९२ मध्ये सुरू झाली आणि लेन्स इथेच बनू लागल्या. सरकारी अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ चा, पण जागतिक बँकेच्या मदतीचा मोतीबिंदू प्रकल्प १९९४ नंतरचा. त्यात महाराष्ट्र होता, आणि शाळेतल्या शिबिराऐवजी पक्क्या ओटीत लेन्ससकट ऑपरेशन हा रोख तिथून पक्का झाला. तुमच्या रजिस्टरातला बदल याच्या आगेमागे किती आहे, ते बघा. आधी असेल तर तुमच्या डॉक्टरांनी पदरमोड करून किंवा कुठूनतरी शिकून तो आणला, आणि ती हकिगत शोधण्यासारखी आहे.

प्रत्येक लेन्सच्या डबीत चिकटपट्ट्या येतात. त्यावर नंबर, मॉडेल, अनुक्रमांक. त्यातली एक रजिस्टरात डकवतात. या पट्ट्यांवरचे नंबर ओळीने वाचत जा. सुरुवातीचे महिने सगळीकडे २० किंवा २१ दिसत असेल, तर रुग्णालयात लेन्स होती पण डोळा मोजायचं यंत्र नव्हतं. सरासरी डोळ्याला चालणारी लेन्स सगळ्यांना बसवली जात होती. पुढे एका पानापासून १८.५, २२, २३.५ असे नंबर विखुरायला लागतील. त्या पानाच्या सुमारास ए-स्कॅन, म्हणजे ते डोळा मोजायचं यंत्र, आलं.

माझ्या मते खरी दृष्टी त्या पानापासून सुरू होते. डोळ्याची लांबी २३.५ मिमी आणि बुबुळाची वक्रता ४४ असेल, तर लेन्सचा नंबर काढायच्या एसआरके सूत्राने ११८.४ (हा लेन्सचा ठरलेला आकडा) वजा २.५ गुणिले २३.५ वजा ०.९ गुणिले ४४, म्हणजे २०.०५. लेन्स २० ची. पण लांबी २१.५ असेल तर तेच उत्तर २५ वर जातं. त्या माणसाला २० ची लेन्स बसवली तर डोळ्यात लेन्स असूनही लांबचं-जवळचं दोन्ही धूसर, आणि वर जाड चष्मा. लांबी मोजण्यात १ मिमी चूक म्हणजे अडीच नंबरची चूक. आणि ही चूक फार सोपी आहे: ए-स्कॅनचं टोक बुबुळावर टेकवताना जरा दाबलं की बुबुळ चपटं होतं, लांबी कमी भरते, लेन्स जास्त नंबरची निघते आणि रुग्णाला उणे नंबर लागतो. म्हणून टोक नुसतं टेकवायचं, बरीच मापं घ्यायची, एकमेकांशी न जुळणारी काढून टाकायची, दुसऱ्या डोळ्याशी ताडून पाहायचं. दोन डोळ्यांत ०.३ मिमीहून जास्त फरक आला तर पुन्हा मोजायचं. केराटोमीटरचं (बुबुळाची वक्रता मोजणाऱ्या यंत्राचं) मापही ए-स्कॅनच्या आधी घ्यायचं, नंतर नाही, कारण टोक टेकल्यावर बुबुळाचा पृष्ठभाग खडबडीत होतो.

यावरून एका विश्वस्तांशी माझा जुना वाद आहे, तो इथेच संपवतो. फेको (लहान छेदातून भिंग फोडून काढायचं यंत्र) आधी की बायोमेट्री (डोळा मोजायची सोय) आधी, असा प्रश्न होता. फेकोला फीत कापता येते, वर्तमानपत्रात फोटो येतो. ए-स्कॅन म्हणजे टेबलावरची पेटी, तिचं उद्घाटन कोण करणार? चुकीच्या नंबरची लेन्स अडीच मिलिमीटरच्या छेदातून घातली काय किंवा सहाच्या, चुकीचीच. त्या बैठकीत हे बोललो तेव्हा मान डोलावून पुढचा विषय घेतला गेला.

फेकोला माझा विरोध नाही. पण फेको म्हणजे लेझर, हे स्मरणिकेत छापू नका. फेकोत अतिस्वनी कंपनांनी भिंग फोडतात. लेझर नंतर लागतो, मागची पिशवी गढूळ झाली तर तिच्यात भोक पाडायला, तो याग. या दोन यंत्रांच्या खरेदीच्या तारखा वेगळ्या शोधा. आणि ईसीसीई व फेको यांच्या मधलं एसआयसीएस, म्हणजे छोट्या छेदाचं हाताने केलेलं ऑपरेशन, गाळू नका. जाहिरातीत ‘बिनटाक्याचं’ म्हणत ते हेच, आणि लहान गावांतलं बहुतांश काम याच्यावर निघालं. डोळ्याच्या पांढऱ्या भागात सहा-साडेसहा मिमी रुंदीचा बोगदा पातीने कोरायचा, निम्म्या जाडीने. उथळ गेला तर छत फाटतं, खोल गेला तर वेळेआधी आत उघडतो आणि आयरिस बाहेर येते, आखूड झाला तर गळतो आणि ‘बिनटाक्याच्या’ ऑपरेशनला टाका घालावा लागतो. कडक, तपकिरी मोतीबिंदूला फेकोची कंपनं जास्त वेळ द्यावी लागतात आणि बुबुळाच्या आतल्या पेशी मरतात. तिथे आजही चांगल्या हातातलं एसआयसीएस मला जास्त भरवशाचं वाटतं.

ओटीच्या सिस्टर हयात असतील तर डॉक्टरांच्या आधी त्यांच्याकडे जा. डॉक्टर हुद्दे आणि आकडे सांगतील, सिस्टर निर्जंतुकीकरण सांगतील. ऑटोक्लेव्हला १२१ अंश, १५ पौंड, वीस मिनिटं हे सगळ्यांना पाठ असतं. पण ड्रमच्या भोकांची पट्टी आत ठेवताना उघडी आणि बाहेर काढताच बंद लागते. ती बंदच राहिली किंवा ड्रम ठासून भरला, तर हवा आत अडकते, काटा १५ दाखवतो आणि मधल्या कापडाचं तापमान वर जातच नाही. त्यांना विचारा, पाती कशात ठेवायची? ऑटोक्लेव्हमध्ये धार जाते म्हणून ती वेगळ्या द्रावणात ठेवली जात. पापण्यांचे केस कात्रीला व्हॅसलीन लावून कापायचे, म्हणजे केस डोळ्यात न पडता पात्याला चिकटतात. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी अश्रुनलिकेत सलाइन सोडून रुग्णाला विचारायचं, घशात खारट लागलं का? नाही लागलं आणि उलटून पू आला, तर त्या डोळ्याला हात लावायचा नाही, आधी अश्रुपिशवीचा इलाज. ५ टक्के पोव्हिडोन आयोडीन डोळ्यात घालून तीन मिनिटं थांबायची पद्धत त्यांच्याकडे कधी सुरू झाली, हेही विचारा. डोळ्यातला संसर्ग टाळण्यात त्या थेंबांचा वाटा मोठा आहे. त्यांचाही फोटो कुणी काढलेला नसेल.

आता माझ्याच बोलण्याला काही पुरवण्या. आयसीसीईची मी बाजू घेतली, पण त्यात डोळ्याचा मागचा पडदा (रेटिना) सुटण्याचं प्रमाण जास्त होतं, आणि चष्मा फुटला की माणूस पुन्हा आंधळ्यासारखाच. कडेला जवळजवळ दिसत नसे, माणसं एकदम समोर उगवल्यासारखी येत. शाळेच्या वर्गात भरलेल्या शिबिरांत संसर्गाने डोळे गेले, तेही लपवू नका. फक्त त्याचं खापर क्रायोवर फोडू नका, ते पाण्यावर, द्रावणांवर आणि ड्रमवर फोडा.

रजिस्टरातल्या डिस्चार्जच्या दृष्टीवरून यशाची टक्केवारी काढू नका. ती पट्टी सोडल्यानंतरची असते. खरा निकाल सहा आठवड्यांनी, चष्म्याच्या नंबरानंतर कळतो, आणि तो रकाना निम्म्या ओळींत रिकामाच असणार. रुग्णांची नावं, गावं छापू नका, फोटो घेताना तो रकाना झाकून घ्या. फाटलेल्या पानांना सेलोटेप लावू नका आणि कुणी लॅमिनेशन सुचवलं तर नको म्हणा, कागद कायमचा जातो. खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न वापरता, पान सपाट ठेवून फोटो घ्या. लेन्सच्या पट्ट्यांवरची शाई आधीच फिकी झालेली असेल, तेव्हा सुरुवात त्याच पानांपासून करा.