फिल्टर नसताना ॲट्रिब्यूट कोण ठेवणार?

प्रश्न : आमच्या स्प्रिंगवरच्या (जावाचं वेब फ्रेमवर्क) ॲपमध्ये फिल्टर, म्हणजे कंट्रोलरच्या आधी रिक्वेस्ट पाहणारा कोड, लॉगिन तपासतो आणि युजरचा ऑब्जेक्ट ‘करंटयुजर’ या नावाने रिक्वेस्टच्या ॲट्रिब्यूटमध्ये ठेवतो. कंट्रोलर, म्हणजे रिक्वेस्टला उत्तर देणारा क्लास, तो @रिक्वेस्टॲट्रिब्यूट लावून घेतो. ॲप नीट चालतं, पण स्टँडअलोनसेटअप वापरून लिहिलेल्या मॉकएमव्हीसीच्या (खरा सर्व्हर न चालवता कंट्रोलर तपासणारं स्प्रिंगचं साधन) टेस्टमध्ये ४००, म्हणजे ‘चुकीची रिक्वेस्ट’ हा एरर, येतो. पॅरामीटर म्हणून पाठवलं तरी तेच. काय राहतंय?

उत्तर : फिल्टर राहतोय. स्टँडअलोनसेटअपमध्ये तुम्ही दिलेला कंट्रोलर तेवढा उभा राहतो. फिल्टर हवा असेल तर तो ॲडफिल्टर्सने जोडावा लागतो. ॲट्रिब्यूट ठेवणारंच कुणी नाही आणि ते सक्तीचं आहे, म्हणून स्प्रिंग ४०० देतं. पॅरामीटरचा इथे उपयोग नाही. पॅरामीटर बाहेरून येतो आणि स्ट्रिंगच असतो. ॲट्रिब्यूट सर्व्हरच्या आत ठेवलं जातं आणि त्यात कुठलाही ऑब्जेक्ट चालतो. लॉगिन झालेला युजर तिथे ठेवतात तो याचसाठी.

टेस्टमध्ये गेट(...) च्या पुढे .रिक्वेस्टॲट्र("करंटयुजर", युजर) एवढं जोडा. सेशनॲट्र वेगळं, ते सेशनमध्ये, म्हणजे युजरच्या अनेक रिक्वेस्टभर टिकणाऱ्या जागेत, ठेवतं. घाईत या दोन्हींची अदलाबदल होते आणि नाव बरोबर दिसत असल्यामुळे चूक लवकर सापडत नाही.

कंट्रोलरची मेथड थेट बोलावत असाल आणि ती रिक्वेस्ट घेत असेल, तर स्प्रिंगचा मॉकएचटीटीपीसर्व्हलेटरिक्वेस्ट (टेस्टसाठीची तयार रिक्वेस्ट) घेऊन त्यावर सेटॲट्रिब्यूट करा. मॉकिटोने (नकली ऑब्जेक्ट बनवणारी लायब्ररी) रिक्वेस्ट मॉक करू नका. त्या मॉकवर सेटॲट्रिब्यूट केलेलं कुठेच साठत नाही आणि गेटॲट्रिब्यूट नल देतं. मग प्रत्येक नावासाठी व्हेन-देनरिटर्न (‘हे विचारलं तर हे दे’) लिहीत बसावं लागतं. रिव्ह्यूला असा कोड आला की मी तो परत पाठवते, कारण अशी टेस्ट वाचताना मूळ मुद्दा हरवतो.

आतला एखादा क्लास रिक्वेस्टकॉन्टेक्स्टहोल्डर (चालू रिक्वेस्ट कुठूनही मिळवून देणारा स्प्रिंगचा क्लास) वाचत असेल, तर तिथेही तीच रिक्वेस्ट लावा आणि आफ्टरइचमध्ये (प्रत्येक टेस्टनंतर चालणारी मेथड) रिसेटरिक्वेस्टॲट्रिब्यूट्स न चुकता बोलवा. ती माहिती थ्रेडला चिकटलेली असते. रिसेट राहिलं, तर पुढच्या टेस्टला मागच्या टेस्टचा युजर मिळू शकतो. मग सगळ्या मिळून चालवल्या की ती पास होते, एकटी चालवली की पडते.

एक मात्र मनापासून सांगते. ॲट्रिब्यूट हाताने ठेवलं की टेस्ट हिरवी होते, पण फिल्टर खरंच तेच नाव वापरतो का, हे ती तपासत नाही. नाव एका कॉन्स्टंटमध्ये ठेवा आणि दोन्हीकडे तोच वापरा. शिवाय ॲडफिल्टर्स लावून एक वेगळी टेस्ट लिहा आणि शेवटी रिक्वेस्ट().ॲट्रिब्यूट(...) ने युजर आला का ते पाहा. त्या टेस्टमध्ये रिक्वेस्टॲट्र अजिबात नको, नाहीतर फिल्टर मोडला तरी कळणार नाही.